वरणभाताची ओढ आणि रसनाजय

तान्ह्या बाळासह परदेशी गेलेल्या आईला वरणभाताची ओढ लागली, तर ती निव्वळ आसक्ती मानावी का? मला तसे वाटत नाही. फिलाडेल्फियातील मोनेल संशोधन केंद्राच्या २००१ मधील अभ्यासात, गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायलेल्या मातांच्या बाळांनी गाजराची चव असलेले अन्न खाताना कमी तोंडे वाकडी केली. आईच्या ताटातली चव बाळापर्यंत पोचते. म्हणून त्या ओढीत परंपरा पुढे देण्याची प्रेरणाही असू शकते. यावर कोणी म्हणेल, रसना जिंकल्याशिवाय इंद्रियजय नाही, असे भागवतच सांगते. खरे आहे, पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे म्हटले आहे. संयमासाठी ओढीला मर्यादा घालणे पुरते, ओढीचा नाश करावा लागत नाही. वरणभात मिळाला तर आनंदाने खावा. न मिळाल्यास परक्या मुलखातल्या अन्नालाही पूर्णब्रह्म मानावे.