हाक आणि अक्षर

लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या एका मावशींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. पावसात भिजू नये म्हणून वर प्लास्टिक गुंडाळलेले. आत तीनच अक्षरे : ऐं ह्रीं क्लीं. मुलाच्या आजारपणात कुणीतरी हा जप दिला होता. रोज 108 वेळा म्हणायचा. देताना बजावले होते की, उच्चार चुकला तर फळ उलटे मिळेल. मावशींचे पुढचे दात पडलेले.

"माउली, मला हिरीम म्हणता येतं, ह्रीं काय येत न्हाई. पोराला काय व्हायचं न्हाई ना?"

हे सगळे थोतांड आहे असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण ते खरे नव्हते. बीजाक्षरे आपल्या परंपरेत फार जुनी आहेत. ऐं सरस्वतीचे, श्रीं लक्ष्मीचे, ह्रीं शक्तीचे, गं गणपतीचे. या अक्षरांना विभक्ती नाही, क्रियापद नाही, कोशात पाहावा असा अर्थ नाही. गणपत्यथर्वशीर्ष घरोघर म्हटले जाते, त्यात 'गं'ची घडण सांगितली आहे : आधी गकार, मग अकार, शेवटी अनुस्वार, आणि त्याच्याही पुढे नाद. ओठ मिटतात तरी गुंजन आत चालूच राहते. उपासक त्या गुंजनावर मन ठेवतो. ज्वारीच्या दाण्यात कणीस दिसत नाही, म्हणून शेतकरी दाणा फेकून देत नाही, तसेच हे. मंत्राला अर्थ असतो की नसतो, हा वादही आजचा नाही. मंत्र निरर्थक आहेत हे कौत्साचे मत यास्काचार्यांनी निरुक्तात मांडले आणि खोडून काढले.

वारकऱ्याने तर बीजमंत्राला नाक मुरडूच नये. ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा नाथांची. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच माउली ओंकाराला वंदन करतात आणि त्याच्या तिन्ही मात्रा गणेशाच्या देहात पाहतात. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन येते. आपण ज्या मूर्तींपुढे डोके ठेवतो, त्यांच्या प्राणप्रतिष्ठेतही आं ह्रीं क्रों ही बीजे उच्चारली जातात.

प्रश्न उरतो तो भीतीचा. तिलाही शास्त्राचा आधार दाखवतात. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. 'इंद्रशत्रु' हा शब्द म्हणताना स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा' असा अर्थ व्हायचा तो 'इंद्र ज्याला मारील असा' झाला, आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी व्याकरण का शिकावे हे सांगताना महाभाष्यात याच गोष्टीची आठवण दिली आहे. उलट भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ मरताना आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. देव त्याच्या मनातही नव्हता, तरी विष्णुदूत धावून आले. एकीकडे स्वर चुकला म्हणून सर्वनाश, दुसरीकडे हाकच दुसऱ्याला मारलेली आणि तरी उद्धार. दोन्ही कथा आपल्याच. मावशींना यातली कोणती सांगायची?

मला फरक दिसतो तो असा. त्वष्ट्याच्या यज्ञात शब्द हे हत्यार होते. हत्याराला धरणाऱ्याचा हेतू कळत नाही. विळा उलटा धरला तर आपलाच हात कापतो. अजामिळाच्या हाकेला मात्र ऐकणारा होता. बोबडे मूल 'पाणी' न म्हणता 'पापी' म्हणाले, तर आई काय त्याला तहानलेले ठेवते?

यावर कोणी म्हणेल, बीजमंत्र हेही देवतेचेच रूप मानले आहे, ते हत्यार कसे? बरोबर आहे. गुरूजवळ राहून, वर्षानुवर्षे उच्चार घोटून जो जप करतो त्याला मी काहीच म्हणत नाही. दोष बीजाचा नाही, पेरणाऱ्याचा आहे. इथे दाणा टाकला, धाक घातला, आणि शेताकडे पुन्हा कुणी फिरकलेच नाही.

तुकोबारायांना माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. गुरुमंत्र गुप्त ठेवायचा हा सर्वत्र प्रघात. तुकोबांनी तो आपल्या अभंगात सरळ सांगून टाकला : राम कृष्ण हरि. सहा अक्षरे. आरंभी प्रणव नाही, शेवटी नमः नाही, मध्ये बीज नाही. ज्या बायाबापड्यांना आणि शूद्रांना प्रणवाचा अधिकार नाही असे सांगितले जात होते, त्यांच्या तोंडी ही नावे आधीपासूनच होती. चुकेल काय आणि चोरील कोण?

अर्थात भीती घालण्यात आपणही मागे नाही. हरिपाठाची चाल चुकली म्हणून नवख्याकडे डोळे वटारणारे टाळकरी मी पाहिले आहेत. त्यांत एकेकाळी मीही होतो.

मावशींना एवढेच म्हणालो, "ह्रीं म्हणू नका असं मी सांगत नाही. पण भीती वाटत असेल तर रामकृष्णहरी म्हणा. आणि पोराचं औषध थांबवू नका."

"औषध चालूच हाय. पण इतकी वर्सं चुकीचं म्हटलं, त्याचं काय?"

"तुम्ही पोरासाठी हाक मारत होता. ती त्याला कळली नसेल का?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग कागद पुन्हा प्लास्टिकात गुंडाळून त्यांनी हरिपाठाच्या पुस्तकात ठेवला. "टाकून देववत न्हाई," म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. तेवढ्यात भजनाला टाळ वाजले.