सांदवाडीतली निवळी

आमच्या चिमूरच्या घरामागे, सांदवाडीत विहिरीच्या कडेला एक झाड आपणहून उगवलं आणि बघता बघता छपराच्या वर गेलं. कोणी लावलं नव्हतं. पाखरांनी आणलं असणार. साल काळपट, जाड, चिरा पडलेली. पानं समोरासमोर, चकचकीत, आणि प्रत्येक पानात बुडापासून टोकाकडे जाणाऱ्या ठळक शिरा. उन्हाळ्यात बारीक सुवासिक फुलं आली आणि थंडीत गोल, काळीभोर फळं. मी जन्मभर गावोगावच्या नळयोजनांवर काम केलं. तुरटी, टीसीएल पावडर आणि ओटी टेस्ट एवढीच माझी विद्या. झाडांपैकी मोह, चार, टेंभुर्णी, येन, धावडा ही इकडं कोणालाही ओळखू येतात तेवढीच मला येतात. हे त्यांतलं नव्हतं. फळ खायचं की नाही हा प्रश्न होताच, पण मला त्याहून जास्त छळत होता तो दुसराच. समजा उद्या कोणी या झाडाचं नाव सांगितलं, तर त्यानं मला नेमकं काय कळेल?

विचारत गेलो तसे सगळे ‘सारखं’वर आले. दूधवाला म्हणाला, जांभळासारखं दिसते. सुतार म्हणाला, पान दालचिनीसारखं आहे. नैयायिकांनी याच ‘सारखं’ला प्रमाणाचा दर्जा दिला आहे. त्यांचा जुना दाखला असा: गवय कधीच न पाहिलेल्या माणसाला रानातला माणूस सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढं तो माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो, आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ हे त्याला कळतं. नाव आणि वस्तू यांची अशी गाठ पडणं म्हणजे उपमान, आणि ते प्रत्यक्ष व अनुमान यांच्याहून वेगळं प्रमाण, असं न्यायदर्शन म्हणतं. वैशेषिकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, याला वेगळं खातं कशाला, हे अनुमानातच बसतं. मीमांसकांनी उपमान मानलं, पण उलट्या बाजूनं: रानातला प्राणी पाहून घरची गाय त्याच्यासारखी आहे असं कळणं, हे त्यांच्या मते उपमानाचं फळ.

हा वाद आमच्या तालुक्यात येऊन केला असता तर बरं झालं असतं. कोलारा गेटमधून ताडोब्यात शिरलं की गाईसारखे दोन प्राणी भेटू शकतात, रानगवा आणि रोही. नैयायिकांचा पाहुणा कुठल्याला गवय म्हणणार? रानातला माणूस बरोबर उभा असेल तर प्रश्न नाही. तो घरी राहिला आणि त्याचं वाक्य तेवढं बरोबर आलं, तर घोळ. जनावराच्या बाबतीत हा घोळ हसण्यावारी नेता येतो, फळाच्या बाबतीत नाही.

शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आणि लगेच 16 तारखेला चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. गुरुजींचे वडील चांद्याच्या गर्दीत होते. गुरुजींनी मला फलजातक ऐकवलं. एका गावाच्या वेशीवर किंफलाचं झाड होतं. खोड, पान, फळ, वास, चव सगळं आंब्याचं, पोटात गेलं की हलाहल. वाटसरू खात, मरत, आणि गावकरी पहाटे येऊन त्यांच्या गाड्या लुटत. बोधिसत्त्व तांड्याचा नायक होऊन तिथं आला आणि त्यानं माणसांना ते फळ खाण्यापासून अडवलं. तुला कसं कळलं, असं गावकऱ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर असं की झाड चढायला सोपं आहे, गावाला लागून आहे, तरी फळांनी लगडलेलं आहे. त्या अर्थी फळ चांगलं नाही.

मला ही गोष्ट फार आवडली. बोधिसत्त्वाच्या उत्तरात झाडाचं नाव कुठंच येत नाही, आणि त्याचं काहीएक अडत नाही. जिथं ‘सारखं’ शंभर टक्के जुळतं तिथंच ते मारतं, हे ओळखून तो झाडाकडं पाहायचं सोडून गावाकडं पाहतो. पण ही कसोटी आमच्या झाडाला लावली तर निकाल अर्धवट लागायचा. पाखरं खात होती, पोट्टे खात नव्हते. पाखरांवर विसंबायची सोय नाही. कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या विषारी कुचल्याची फळं धनेश पक्षी खुशाल गिळतो. आणि पोट्टे अलीकडं झाडावर चढतातच कुठं?

उलगडा झाला तो एका म्हातारीकडून. मोहफुलं वेचण्यात आणि तेंदूपत्त्याचे पुडे बांधण्यात तिचं आयुष्य गेलं आहे. ती कुंपणापाशी थांबली, खाली पडलेलं फळ उचललं, गर बोटानं काढून टाकला आणि आतलं एकुलतं चपटं-गोल बी लुगड्याला पुसलं. ‘‘हे पाणी साफ करायचं बी होय बाप्पा. माही माय माठात घासे.’’ झाडाला काय म्हणतात ते तिला आठवेना, आणि त्याची तिला काही पडलेलीही नव्हती. विहीर उपसून काढलेलं गढूळ पाणी बादलीत होतं. तिनं बी सहाणेवर उगाळलं, तो लेप पाण्यात कालवला, आणि चहा होईस्तोवर पाण्यातला गढूळपणा गोळा होऊन खाली बसू लागला. नाव नंतर एका वनरक्षकानं सांगितलं: निवळी. संस्कृतात कतक. शास्त्रज्ञांनी हिला स्ट्रिक्नोस पोटॅटोरम म्हणून कुचल्याच्याच प्रजातीत बसवलं आहे, म्हणजे सख्ख्या नात्यातली. कुचल्याचं फळ मोठं, नारिंगी आणि बऱ्याच बियांचं असतं, हिचं लहान, काळं, बहुधा एका बीचं.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर निवळी तुरटीचं काम करते. बियांतली प्रथिनं आणि चिकट शर्करा पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांना एकमेकांशी जोडतात, कण जड होतात, बसतात. सुश्रुतानं गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत कतक आहे आणि साधं वस्त्रही आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या झाडाचा दाखला येतो. आश्रमाची बाह्य चिन्हं अंगावर मिरवल्यानं धर्म होत नाही, हे सांगताना मनू म्हणतो की कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्यानं पाणी स्वच्छ होत नाही. वचन बिनतोड आहे. पण ते या पुस्तकात आहे, आणि मी ते गुरुजींच्या ओसरीवर बसून वाचत होतो. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी माणसांनी ओंजळीत घेतलं म्हणून तळं बाटलं असं ठरवून सवर्णांनी त्याची शुद्धी केली, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. चवदार तळ्याची ती शुद्धी म्हणजे मंत्र म्हणून पाणी स्वच्छ करणं नाही तर काय? शुद्धीला बसलेल्यांना मनूचाच श्लोक पुरला असता. गुरुजी म्हणाले, श्लोक चांगला असला तरी पुस्तक सुटत नाही. मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. खरं वाक्य जवळ बाळगूनही पुस्तकानं माणसाला पाण्यापासून तोडलं, याचा अर्थ त्या वाक्यानं स्वतःच्या घरातही काम केलं नाही.

अडचण माझी वेगळी होती. मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतो. नुसत्या नावानं काही होत नाही असं मनू म्हणतो, आणि नावानंच सगळं होतं असं माझी परंपरा म्हणते. कीर्तनात यावर पुष्कळ गोड उत्तरं मिळतात. माझं उत्तर झाडानं दिलं तेवढंच आहे. निवळी हे नाव मी झाडाला ओळखायला वापरतो. त्यानं झाड ऐकत नाही, वळत नाही, मलाच पुढं जाऊन बी उगाळावं लागतं. विठ्ठलाचं नाव घेताना मला कोणाची ओळख पटवायची नसते. ती हाक असते, आणि हाक मारणाऱ्याला पलीकडं ऐकणारा कोणी आहे असं धरूनच चालावं लागतं. ते धरणं प्रमाणानं सिद्ध होत नाही, गुरुजी ते धरतही नाहीत, आणि तरी आमचं चहापाणी चालतं. मात्र हाक मारून घरात बसून राहणाऱ्याला कुठल्याच संतानं सूट दिलेली नाही. याच तालुक्यात गोंदेड्याच्या गुंफेत तपाला बसलेल्या तुकडोजी महाराजांनी पुढं सामुदायिक प्रार्थना दिली, आणि ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला वेगळा अध्यायही दिला.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात हीच निवळी पुन्हा भेटते. ज्ञान अज्ञान घालवतं आणि मग स्वतःही नाहीसं होतं, कतकाची पूड पाण्यात होते तशी. इथं मात्र मी अडतो. पूड नाहीशी होत नाही. ती मातीसकट तळाशी बसते, आणि भांडं हललं की दोन्ही वर येतात. शिवाय वरचं पाणी नितळ दिसलं तरी ते पिण्याजोगं झालेलं नसतं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. टीसीएल टाकून शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरतो का, हे ओटी टेस्टनं पाहावं लागतं, नाहीतर पाणी उकळावं लागतं. ज्ञान झाल्याचा नितळ चेहरा मी पुष्कळांचा पाहिला आहे. त्यांच्या तळाशी काय आहे याची टेस्ट निघालेली नाही.

हे मी आमच्या कीर्तनकार बुवांना बोललो. ते म्हणाले, दृष्टांत एकदेशी असतो, त्याला सगळीकडून ताणू नये. बरोबर आहे. पण टाकीत उतरून हातानं गाळ काढणारी माणसं माझ्याबरोबर होती, आणि ती कोणत्या वस्तीतून यायची हे बुवांनाही माहीत आहे. दृष्टांताचा नेमका गाळाकडचाच देश का वगळायचा, असं मी विचारलं. बुवा जरा थांबले आणि म्हणाले, या सप्ताहात गाळावरच एक कीर्तन लावू. सप्ताह होऊन गेला. विषय पुढच्या वर्षावर गेला आहे. गुरुजी म्हणतात, बुवांनी लावलं तर मीही ऐकायला येईन, पुढच्या रांगेत बसेन.