माणसाच्या हाताला जात नव्हती



गेल्या वर्षावासात चाळीसगाव तालुक्यातील एका वस्तीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनासाठी जाण्याचा योग आला. ज्या घरी वाचन होते त्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली. घरात बाबासाहेबांची तसबीर, तथागतांची लहानशी मूर्ती, भिंत चुन्याने नवी रंगवलेली. मी आत आलो तेव्हा थोरला मुलगा घाईघाईने एक वस्तू गोणपाटाखाली सारत होता. ती त्याच्या वडिलांची कातडे तासण्याची रापी होती. मी पाहिले हे लक्षात येताच तो म्हणाला, “सर, ते जुने आहे. आता आपण बौद्ध झालो.” वडील काही बोलले नाहीत. वाचन संपल्यावर मात्र त्यांनी मला दारापर्यंत सोडताना विचारले, “गुरुजी, दीक्षेच्या आधीचे आम्ही कोण? पोराला काय सांगू?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. म्हणून आज त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

त्या वस्तीपासून पाटणे गाव फार लांब नाही. पाटणादेवीला आपल्यापैकी पुष्कळजण पूर्वी नवस फेडायला गेले असतील. त्याच पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०नंतरच्या दशकात उत्खनन केले. तेथे काय निघाले? गारगोटीसारख्या कठीण दगडाची बारीक धारदार पाती, तासण्या, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे. त्यांतील एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. कवचाचे मणीही मिळाले. हे सारे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे! म्हणजे आपल्या खानदेशात त्या वेळी शहामृग हिंडत होते, आणि त्याच्या अंड्याच्या ठिसूळ कवचाला भोक पाडून, ते न फुटू देता, मणी करणारा माणूस येथे राहत होता. किती धीराचे हे काम, ते ज्याने हाताने काही घडवले आहे त्यालाच कळेल.

आता त्या तासण्यांकडे पाहा. अशा दगडी तासणीने जगभरच्या आदिमानवाने लाकूड तासले, जनावराचे कातडे खरवडले. थंडीवाऱ्यात माणूस तगला तो त्या कातड्याच्या आधारावर. त्या तासणीचे पाते पुढे लोखंडाचे झाले, तिला मूठ आली, आणि ती गोणपाटाखाली लपवण्याची वस्तू झाली. दगडाची लोखंडाची झाली हा माणसाच्या बुद्धीचा विकास. लपवण्याची झाली, हे कोणी केले?

मधला काळ थोडक्यात सांगतो. चार हजार वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातील कावठे येथे माणसे जमिनीत खड्डा खोदून त्यावर गोल झोपडी उभारून राहत. तापीकाठच्या प्रकाशे येथे (तेव्हा पश्चिम खानदेश जिल्हा, १९९८पासून नंदुरबार) १९५४-५५ साली उत्खनन झाले. तेथे खालच्या थरात तांबे आणि दगडी पाती, वरच्या थरात लोखंड. भटका माणूस शेतकरी झाला, कुंभाराचे चाक फिरले, भाता चालू लागला. लहानमोठेपणा तेव्हाही होता. पुणे जिल्ह्यात इनामगावला मोठे घर वेगळे ओळखू येते. तेव्हा जुने ते सारे समतेचे होते असे मी म्हणणार नाही. आपणही नव्या भाकडकथा रचू नयेत.

पण श्रीमंती-गरिबी वेगळी आणि जात वेगळी. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून दाखवले, की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या रक्तातील गुणसूत्रे तपासली. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील निरनिराळ्या समूहांची भरपूर सरमिसळ झाली, आणि मग ती थांबत गेली, असे त्यांना आढळले. म्हणजे दारे आधी उघडी होती, नंतर लावली गेली. अस्पृश्यता तर त्याहूनही अलीकडची, इसवी सन ४००च्या सुमाराची, असे बाबासाहेबांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात प्रतिपादले. पाटण्याच्या मण्यापुढे हे वय किती? पंचवीस हजारांत जेमतेम सोळाशे वर्षे.

तथागतांनी दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात हेच वेगळ्या रीतीने सांगितले आहे. श्रोते होते वासेट्ठ आणि भारद्वाज. दोघे जन्माने ब्राह्मण, संघात आले म्हणून त्यांच्याच जातभाईंच्या शिव्या खात होते. (धर्म सोडल्यावर भावकी बोलते, हे नवे नाही!) तथागत सांगतात: आरंभी साळी आपोआप पिकत, लोक लागेल तेवढ्या आणीत. मग एक आळशी माणूस सकाळ-संध्याकाळचे एकदम आणू लागला, दुसरा दोन दिवसांचे, तिसरा चार दिवसांचे. साठा सुरू झाला, शेताला बांध पडले, चोरी आली, भांडणे आली, आणि लोकांनी आपल्यातला एक निवडून त्याला व्यवस्था पाहायला सांगितले. हा शब्दशः इतिहास म्हणून घेऊ नका. त्यातला विचार घ्या. समाजातले भेद कोणाच्या मुखातून वा पायातून निघालेले नाहीत. ते माणसाच्या लोभातून आणि गरजेतून, माणसाच्याच हातून झाले.

पाटण्याच्याच डोंगररांगेत वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तेथे सापडलेली एक हसऱ्या यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कण्हदास, सोनार. राजाचे नाही, कारागिराचे नाव! ज्या धम्माच्या लेण्यात कारागीर आपले नाव लपवत नव्हता, त्या धम्मात आपण परत आलो आहोत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, लादलेली लाचारी सोडायला सांगितले. हाताच्या कसबाची लाज धरा, असे त्यांनी कोठे सांगितले?

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. त्याने रापी बाहेर काढली, वडिलांनी ती पुसून फळीवर ठेवली. मला वाटले, काम झाले.

महिन्याने ते गृहस्थ पुन्हा भेटले. मुलीला स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, घर १९५६ सालच्या दीक्षेचे, दर पौर्णिमेला विहारात जाणारे. बोलणी चांगली चालली होती. शेवटी मुलाच्या काकांनी हळूच विचारले, “तसे आपण सगळे बौद्धच. पण तुम्ही आधीचे कोण?” आणि बोलणी तेथे थांबली.

बंधूंनो, हा प्रश्न गावातल्या पाटलाने विचारला नाही. आपण विचारला. बाबासाहेबांनी १९१६ साली ज्या दाराकडे बोट दाखवले, त्याची कडी आता आपल्याच हातात आहे आणि ती आपण आतून लावतो आहोत.

येत्या नाताळच्या सुटीत पाटणे आणि पितळखोरे पाहायला जाण्याचे ठरवले आहे. मी दोन्ही घरांना निरोप धाडला. मुलीच्या वडिलांनी सहकुटुंब येतो म्हणून कळवले. दुसऱ्या घराचे उत्तर अजून यायचे आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.