तेलाची भांडी व घराचे ऋण

शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7



वरील पाठातील विधवेची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचली जाते. एका भांड्यातील थोड्याशा तेलाने घरातील सर्व रिकामी भांडी भरली, हा देवाचा चमत्कार होय, आणि त्याबद्दल आपण त्याची स्तुती करतो. परंतु अलीशा संदेष्ट्याने तिला शेवटी जो हिशेब सांगितला, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तेल विकून प्रथम ऋण फेडावे, आणि जे उरेल त्यावर तिने व तिच्या मुलांनी निर्वाह करावा, अशी त्याची आज्ञा होती. ऋण फेडणे व मुलांचे पोट भरणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत आली आहेत. एकासाठी दुसरे सोडावे असे त्याने सांगितले नाही. आज याच गोष्टीचा विचार आपण करू.

हा विषय खेड्यांतील मंडळ्यांसाठी कशाला, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, आपल्या खेड्यांतील मुलगे व मुली आता शहराच्या वाटेला लागली आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर या बाजूंची कित्येक कुटुंबे कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे राहतात. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे, ते लोकलने रोज तासन्‌तास प्रवास करून तेथे संसार मांडतात. बहुतेकांचे घर बँकेकडे गहाण असते, आणि त्या घरासाठी गावाकडील आईबापांनी शेताचा तुकडा विकलेला किंवा अंगावरचे सोने मोडलेले असते. यास्तव बदलापुरातील हप्ता चुकला म्हणजे त्याचे दुःख गावच्या ओसरीपर्यंत येते.

घराची इच्छा धरणे हे पाप नव्हे. उल्हासनगराचाच इतिहास पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी तेथे सैन्याची छावणी होती. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली हजारो कुटुंबे त्या छावणीच्या बराकींत येऊन राहिली, आणि 1949 साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांस चार भिंतींचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, परक्याच्या जागेत दिवस काढले. स्वतःच्या नावाचे दार असावे, असे त्यांस वाटले तर त्यात नवल काय?

परंतु ऋण हे ऋणच आहे. ऋण घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असा नीतिसूत्रांच्या 22 व्या अध्यायाचा इशारा आहे. नहेम्याच्या 5 व्या अध्यायात लोकांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकल्याचे व मुलेबाळे दास्यात गेल्याचे वर्णन आहे. आपल्या महाराष्ट्रासही ते दुःख नवीन नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले व त्यांनी ऋणाचे कागद जाळले. तो दंगा नगर जिल्ह्यातही पसरला, आणि 1879 साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. कागद जाळल्याने मनाचा संताप निवतो, पण ऋणातून सुटण्याचा टिकाऊ मार्ग महिन्यामहिन्याच्या हिशेबातूनच जातो.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब बदलापुरात तळमजल्यावर राहत होते. गृहस्थ कारखान्यात कामास जात असे. ऋणातून लवकर मोकळे व्हावे या तळमळीने तो बोनसाची पै न्‌ पै बँकेत मुद्दलापोटी भरी, आणि घरात काहीच शिल्लक ठेवीत नसे. आम्ही त्याची प्रशंसा केली, हे येथे कबूल करतो. पुढे 2019 च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला. याच पुरात 27 जुलै रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती. त्या पाण्याने या कुटुंबाचे धान्य, अंथरूण, कपाट सर्व भिजवले. हाती पैसा नाही, आणि बँकेत भरलेले मुद्दल परत मागता येत नाही. तेव्हा त्याने 60,000 रुपये दरमहा शेकडा 3 व्याजाने उसने घेतले. त्याचे व्याज महिन्याला 1,800 रुपये झाले. तीच रक्कम त्याने घरात राखली असती, तर बँकेच्या वर्षाला साडेआठ टक्के दराने महिन्याला अवघे 425 रुपये व्याज अधिक पडले असते. ज्या ऋणातून सुटण्याची त्यास घाई होती, त्याहून चौपटीने जड ऋण त्याच्या मानेवर आले. त्याची भक्ती उणी नव्हती, त्याची भांडी रिकामी होती.

आता भांड्यांकडे वळू. आपल्या आया व आज्या डाळीच्या, मिठाच्या डब्यात नोटा लपवून ठेवीत. एका डब्यात शाळेची फी, दुसऱ्यात दवाखाना, तिसऱ्यात सणाचे कापड. त्यांनी अर्थशास्त्र वाचले नव्हते, पण एका कामाचा पैसा दुसऱ्या कामात मिसळला की दोन्ही कामे बिघडतात, हे त्यांस ठाऊक होते. मिझोराममधील मंडळ्यांच्या स्त्रिया 1910 सालापासून प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी एक मूठ तांदूळ देवासाठी निराळा काढतात, आणि त्या मुठींतून सुवार्तेचे मोठे काम उभे राहिले आहे. खर्च करून उरल्यावर निराळे काढू असे म्हणणाऱ्यांपाशी काही उरत नाही. खर्चाआधी काढले तरच राहते. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा याच रीतीने कोठारात घातला.

हे स्पष्ट व्हावे म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, एका कुटुंबाने 20 लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांच्या मुदतीने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे 17,356 रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील सुमारे 14,167 रुपये व्याजातच जातात, आणि मुद्दल केवळ 3,189 रुपयांनी उतरते. नवरा-बायको मिळून महिन्याला 42,000 रुपये मिळवतात असे धरू. पगार हाती येताच त्याचे भाग येणेप्रमाणे करावे. देवाचा दशमांश 4,200. बँकेचा हप्ता 17,356. किराणा, वीज, रेल्वेचा पास, सोसायटीची वर्गणी इत्यादी मिळून 13,000. राहिले 7,444. याचे डबे असे : संकटाचा 2,000, शाळेचा 1,500, औषधाचा 1,000, नाताळ व गावी जाण्याचा 1,000, घरपट्टी व दुरुस्तीचा 944, आणि मुद्दल फेडण्याचा 1,000. तुमचे आकडे निराळे असतील. ज्याची मिळकत याच्या अर्धी आहे त्याचे डबे लहान असतील. पण प्रत्येक डब्यास नाव असावे, आणि शाळेच्या डब्यातून सणाचा खर्च होऊ नये.

या डब्यांत प्रथम कोणता भरावा? संकटाचा. तीन हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे वरील हिशेबात सुमारे 52,000 रुपये, त्यात असावी. याचे कारण गंभीर आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला म्हणजे बँक ते खाते बुडीताच्या वाटेवरचे समजते, आणि 2002 च्या कायद्याप्रमाणे 60 दिवसांची नोटीस देऊन गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई तिला न्यायालयात दावा न लावता करता येते. यास्तव हा डबा भरेपर्यंत मुद्दलाचे 1,000 रुपयेही त्यातच टाकावे, म्हणजे महिन्यास 3,000 प्रमाणे तो दीड वर्षात भरतो. कोणाचे शेकडा दोन किंवा तीन व्याजाचे उसने असेल, तर थोडी रक्कम हाताशी ठेवून आधी ते फेडावे. लहान दिसणारे हे ऋणच मोठे घर गिळते.

संकटाचा डबा भरल्यावर मुद्दलाकडे वळावे. वरील ऋणात आरंभापासून दरमहा केवळ 1,000 रुपये अधिक भरले, तर 20 वर्षांची मुदत सुमारे अडीच वर्षांनी कमी होते व व्याजाचे तीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. दीड वर्ष उशिरा आरंभ केला तरी लाभाचा मोठा भाग हाती राहतो. बदलत्या दराचे गृहकर्ज वेळेआधी फेडणाऱ्या व्यक्तीस बँकेने दंड करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2012 सालापासून आहे. म्हणून असा दंड होईल या भीतीने कोणी थांबू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत नकळत कित्येक वर्षांनी वाढली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांस असे बजावले की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी ऋणकोस द्यावी. यास्तव वर्षातून एकदा बँकेत जाऊन मुद्दल किती उरले व हप्ते किती उरले, हे लेखी मागून घ्यावे. दर उतरला तर हप्ता कमी करून न घेता पूर्वीचाच भरीत राहावे, म्हणजे ऋण आपोआप लवकर फिटते.

डब्यातील पैसा घरात साठवावा असे आम्ही म्हणत नाही. चोर, उंदीर व पूर यांस डब्याचे झाकण अडवीत नाही. बँकेत किंवा पोस्टात निराळी खाती काढावी, आणि कोणते खाते कशाचे हे वहीत लिहावे. संकटाचा पैसा मात्र मागता क्षणी मिळेल अशाच खात्यात असावा. बँक बुडाली तर एका बँकेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींस विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये वाढवली गेली.

प्रिय उपदेशक बंधूंनो, आता तुमच्यासाठी एक शब्द. ती विधवा कोणाची बायको होती? तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता व देवाचे भय बाळगणारा होता. तरीही तो ऋण मागे ठेवून मेला, आणि सावकार त्याची दोन मुले न्यावयास दारी आला. धर्मसेवा केली म्हणून हिशेबातून सुटका होत नाही. तुमच्या घरच्या स्त्रीस ऋण किती, कागद कोठे, विमा कोणता, हे ठाऊक आहे काय? नसेल तर आज सायंकाळीच तिच्यासमोर वही उघडा. मुलाच्या ऋणास जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी, ते सर्व ऋण आपल्याच अंगावर येऊ शकते हे समजून घ्या. मंडळीचा पैसा हा तर निराळाच डबा आहे. त्यातून घरचा हप्ता एक दिवसासाठीही भरू नका.

शेवटी, त्या घराचे दार आठवा. अलीशाने तिला दार लावून घेण्यास सांगितले होते. आत आई ओतीत होती व मुले भांडी पुढे करीत होती. ऋणाचे काम सर्व घराने मिळून केले. कोणी कोणापासून लपवले नाही, व शेजाऱ्यांस दाखवण्यासाठी काही केले नाही. आपल्या घरांतही महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर नवरा, बायको व मोठी मुले यांनी एकत्र बसावे, प्रार्थना करावी, आणि कोणते भांडे किती भरले ते पाहावे. ज्या कुटुंबाची गोष्ट वर सांगितली, ते आता असेच बसते. उसने त्यांनी फेडले. घराचे ऋण अजून चालू आहे, पण पावसाळा आला की त्या मातेस पूर्वीप्रमाणे झोप उडत नाही.

प्रीतीचे ऋण मात्र कधीही फिटत नाही, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात शिकवले आहे. इतर सर्व ऋणे फेडून आपण केवळ त्या एका ऋणाचे देणेकरी राहावे, आणि ज्याने आपले सर्वांत मोठे ऋण वधस्तंभावर फेडले, त्या प्रभूची कृपा आपल्या घरांवर असावी, हीच आमची प्रार्थना आहे. आमेन.