डोंगरही हवा, घरही हवं



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ९ आणि १०.

इथे भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यातली दोन आज शेजारीशेजारी ठेवून पाहू. बायकोमुलांत, घरात मन अडकून पडू नये, हे एक. एकांताच्या जागेची आवड असावी, हे दुसरं. वाचताना मनात येतंच, मग काय घरदार सोडून रानात जायचं?

उत्तर शोधताना मला आठवतात गो. नी. दांडेकर. जन्म ८ जुलै १९१६, परतवाडा. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात निघालेला हा मुलगा पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा करून आला. एवढं वैराग्य अनुभवलेला माणूस बैरागीच व्हायचा, नाही का? पण त्यांनी तळेगाव दाभाड्याला संसार मांडला आणि मनापासून केला.

डोंगर मात्र सुटला नाही. राजगड, रायगड, राजमाची इथे ते पुन्हा पुन्हा जात राहिले. एकटे गेले, तसे घरच्यांना आणि तरुण पोरांना घेऊनही गेले. गडाचं वेड लेकीला लागलं, जावयाला लागलं. पुढे लेक-जावई आणि नातवंडांच्या पिढीनेही त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं गावोगाव केली. १ जून १९९८ ला गोनीदा गेले, पण त्यांचे शब्द घरच्यांच्या आवाजात ऐकू येत राहिले.

अनासक्तीचा अर्थ मला इथे कळतो. प्रेम कमी करायचं नाही, मूठ सैल करायची. ‘ही माझी माणसं’ म्हणून घट्ट धरून ठेवण्यापेक्षा, जे आपल्याला मोठं वाटतं त्याच्यासमोर त्यांना नेऊन उभं करायचं. कड्यावरच्या वाऱ्यात आपण किती लहान आहोत हे कळतं, आणि तोच माणूस घरी परततो तेव्हा जास्त मऊ झालेला असतो. समर्थही दासबोधात प्रपंच नेटका करायला सांगतात. तो टाकायला नाही. त्याच समर्थांवर गोनीदांनी ‘दास डोंगरी राहतो’ लिहिली.

आपल्या विश्रामबागेतही असे बाबा होते आणि आहेत. आठवडाभर नोकरी, हप्ते, मुलांच्या फिया. आणि रविवारी पहाटे पोरांना उठवून दंडोबाला नाहीतर सागरेश्वरला नेणारे. तुमच्यापैकी काहींचे बाबा आता नाहीत. फोटोला हार घालताना घसा दाटतो, ते साहजिकच आहे. रडू आलं तर येऊ दे. पण त्यांची आठवण भिंतीवरच राहायला नको. त्यांनी दाखवलेली वाट एकदा चालून या. जमलं तर आईला सोबत न्या, घरातल्या धाकट्याला न्या. वर पोचल्यावर पाच मिनिटं फोन बंद ठेवून नाम घ्या.

बाबांनी दिलेला तो एकांत आता तुम्ही पुढच्या कुणालातरी द्यायचा आहे. श्राद्धाच्या ताटाइतकंच हेही त्यांना पोचेल, अशी माझी श्रद्धा आहे.

आजचा संकल्प : या रविवारी घरातल्या एकाला तरी सोबत घेऊन डोंगर चढायचा.

जय जय रघुवीर समर्थ!