एक गुण वजा

मुष्टियुद्ध या विषयातला माझा अधिकार डासांपलीकडे जात नाही, आणि तिथंही निकाल बहुधा डासाच्याच बाजूनं लागतो. तरीसुद्धा मारामारीच्या आधी गाणं कशाला, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. आपल्याकडे दोन माणसं रस्त्यात हातघाईवर आली, तर आधी पेटी-तबला कुणी मागवत नाही. एकमेकांच्या कुळाचा उद्धार होतो आणि थेट कामाला सुरुवात होते.

लास व्हेगासची रीत निराळी. 8 डिसेंबर 2007 रोजी तिथल्या एमजीएम ग्रँडमध्ये वेल्टरवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर आणि इंग्लंडचा रिकी हॅटन यांची लढत होती. तोवर दोघंही अजिंक्य. हॅटनसाठी हजारो इंग्रज समुद्र ओलांडून आले होते. आणि ठोसेबाजीपूर्वी ‘गॉड सेव्ह द क्वीन’ म्हणायला उभा होता साक्षात टॉम जोन्स! वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, वय वर्षं 67, राणीनं ‘सर’ केलेला, आणि आवाज असा की माइकनंच जरा मागं सरकावं. इंग्रज मंडळी गळा मोकळा सोडून त्याच्याबरोबर गायली. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये टायरीस गिब्सन अमेरिकेचं राष्ट्रगीत गायला, तेव्हा मात्र त्याच गळ्यांनी त्या गाण्याची हुर्यो उडवली.

आमच्या सौभाग्यवतीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “अहो, दुसऱ्याचं नाक फुटलेलं बघायला पैसे मोजून गेलेली माणसं ती. थोडा आरडाओरडा केला तर एवढं काय बिघडलं?”

मुद्दा बिनतोड होता. शिवाय ही लढत काही दोन देशांची नव्हती. ती दोन माणसांची होती. रंगत यावी म्हणून आयोजकांनी देश रिंगमध्ये आणले, तर देशांबरोबर त्यांची भांडणंही येणारच. लग्नाला मामंजींना बोलावलं की त्यांचा रुसवाही पंगतीला बसतो.

पण मला वाटतं, ते गाणं लढणाऱ्यांसाठी नसतंच मुळी. ते असतं आपल्यासाठी, म्हणजे बघणाऱ्यांसाठी. आता जे होणार आहे ते भररस्त्यात झालं असतं, तर पोलीस आले असते. इथं पंच आहे, घंटा आहे, नियम आहेत. तेव्हा मंडळी, माणसांसारखी बसा, एवढंच ते गाणं सुचवत असतं.

नियमांचंच बघा ना. लढणाऱ्यानं तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या मार खायचा आणि द्यायचा. पण कमरेखाली मारायचं नाही, डोक्याच्या मागं मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही. डोळ्यांपुढं तारे चमकत असतानाही एवढं सगळं ध्यानात ठेवायचं! सहाव्या फेरीत दोरांपाशी पाठमोऱ्या झालेल्या मेवेदरवर हॅटननं ठोसा चालवला, तर पंचांनी लगेच त्याचा एक गुण कापला. दहाव्या फेरीत हॅटन दोनदा पडला आणि पंचांनी लढतच थांबवली.

प्रेक्षकाला मात्र नियम एकच. दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. तोही कुठं लिहिलेला नाही, आणि मोडला तर गुण कापायला पंचही नाही. ठोसे खाणाऱ्याच्या हातात निदान ग्लोव्हज असतात, त्याला वाकता येतं, चुकवता येतं. गाणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याची हुर्यो उडवणं म्हणजे पाठमोऱ्या माणसावर ठोसा चालवणंच की!

आणि स्वतःच्या आईच्या पाया पडून उठल्याबरोबर शेजाऱ्याच्या आईला वेडावून दाखवणाऱ्याचा तो नमस्कार कितीसा खरा मानायचा? आपल्या गाण्याला उभं राहायला फार काही लागत नाही. पाय आपोआप उठतात. माणसाची परीक्षा होते ती दुसऱ्याच्या गाण्याला.

आमचे एक शेजारी क्रिकेटचा सामना बघायला आमच्याकडे येतात. आपलं राष्ट्रगीत लागलं की सोफ्यावरून उठून ताठ उभे राहतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. मात्र प्रतिपक्षाचं गाणं सुरू झालं की म्हणतात, “आवाज बंद करा हो, आणि चहाचं बघा.”

चहा मी देतो. पण मनातल्या मनात त्यांचा एक गुण कापतो.