भेगेमागचे कारण

घर विकत घ्यायचे असो की जुन्या घरावर मजला चढवायचा असो, मनमाडमध्ये पहिला निरोप जातो ओळखीच्या मिस्त्रीला. पुण्या-मुंबईत हेच काम आता ‘होम इन्स्पेक्शन’ करणाऱ्या कंपन्या करतात: ओल कुठे आहे, फरशी पोकळ वाजते का, वायरिंग धड आहे का. स्ट्रक्चरल इंजिनिअरची आठवण बहुधा भेग हाताच्या बोटाएवढी झाल्यावर येते. पाहणी करणारा आणि इंजिनिअर, या दोघांपैकी कोणाला बोलवायचे, हा प्रश्न आपण पैशांचा समजतो. मला तो प्रमाणशास्त्राचा वाटतो. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणे, म्हणजे नदीला आलेला पूर पाहून वर कुठेतरी पाऊस झाला हे ओळखणे, याला नैयायिक शेषवत् अनुमान म्हणतात. पाहणी करणारा भेग दाखवतो. इंजिनिअरला त्या भेगेमागचे कारण गाठावे लागते. आणि ‘हे घर सुरक्षित आहे’ हे विधान तर उद्याच्या भाराबद्दलचे आहे. ते कोणाच्याही डोळ्यांना दिसू शकत नाही. नुसत्या पाहणीच्या जोरावर ते करणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी आपल्या प्रमाणाच्या कक्षेबाहेर बोलत असतो.

नुसत्या पाहणीवर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी बस घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचा निर्वाळाही मिळाला होता. खुद्द मनमाडमध्ये इंदूर-पुणे महामार्गावरच्या रेल्वे उड्डाणपुलाचा एक भाग नोव्हेंबर 2023 मध्ये ढासळला. पुलांचे गर्डर घडवणारा रेल्वेचा कारखाना ज्या गावात शतकाहून अधिक काळ चालू आहे, त्या गावाला तरी पोलादाच्या आतल्या गोष्टी वेगळ्या सांगायला नकोत.

यावर पहिला आक्षेप मिस्त्रीच्या बाजूने येतो, आणि तो हलका नाही. चाळीस वर्षे भिंती बांधलेल्या माणसाची नजर पुस्तकी हिशेबाला भारी पडते, असे लोक म्हणतात. वारंवार पाहून व्याप्ती, म्हणजे खूण आणि कारण यांचा कायमचा संबंध, कळते, हे नैयायिकांनाही मान्य आहे. पण ही व्याप्ती दगड-मातीच्या घरांवर घडलेली आहे. तिथे भिंत फुगते, कलते, बोलते. आरसीसीमध्ये भार पेलणारी सळई आत दडलेली असते. ती गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. हे बाहेर दिसेपर्यंत आतले बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून काँक्रीटचा ताजा तुकडा पाडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी रंग आला तर सळईभोवतीचे संरक्षण शाबूत आहे. रंग आलाच नाही तर ते गेले. उलट प्लास्टरवरच्या बारीक केसासारख्या रेषा पाहून घर पडणार म्हणणे हाही हेत्वाभासच, म्हणजे फसवा हेतू, कारण अशा रेषा धडधाकट घरातही असतात. खोटी भीती आणि खोटा दिलासा, दोन्ही एकाच चुकीतून जन्मतात.

मनमाडच्या घरांना तर आणखी एक भार आहे. वर्षानुवर्षे नळाला पाणी कित्येक दिवसांनी येत असे, म्हणून गच्चीवर टाकीशेजारी टाकी चढली. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. पाहणी करणारा टाकीखालची ओल नोंदवेल; मूळ स्लॅब आणि खालचा कॉलम एवढ्या वजनासाठी होता का, हे मात्र गणिताशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: इंजिनिअर तरी कुठे चुकत नाहीत? मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 रोजी कोसळला, तोही ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरायोग्य ठरलेला. महापालिकेच्या प्राथमिक चौकशीने त्या ऑडिटवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. म्हणजे पदवी हे प्रमाण ठरत नाही. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा माणूस, कोण ते सांगून ठेवले आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू, असेही तो म्हणतो. शिक्का मारून मोकळा होणारा इंजिनिअर या कसोटीत बसत नाही, आणि ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, इंजिनिअरला दाखवा’ म्हणणारा मिस्त्री नक्की बसतो.

राहिला खर्च. गळती, वायरिंग, दरवाजे-खिडक्या यांसाठी पाहणी पुरेशी आहे. तिथे इंजिनिअरची फी देण्याची गरज नाही. पण मजला, टाकी, कॉलम, तिरकी भेग किंवा उघडी पडलेली सळई, यांपैकी काहीही असेल तर इंजिनिअरलाच बोलवा. आणि त्याच्याकडून नुसता दाखला घेऊ नका. कोणत्या चाचण्या केल्या, काय आकडे आले आणि त्यांवरून निष्कर्ष कसा काढला, हे लेखी मागून घ्या.